गेम बनवायचा आहे, मग पहिली भाषा कोणती?

बारावीतला मुलगा किंवा नुकतीच कॉलेजात गेलेली मुलगी गेम बनवायला निघाली की पहिला अडथळा भाषेचा येतो. इंदूरमधल्या भंवरकुआच्या एखाद्या क्लासमध्ये विचारलं तर ‘आधी सी, मग सी प्लस प्लस’ असं सांगतात. आयटीतला मामा म्हणतो सी-शार्प. शाळेत पायथन चालू असतं, आणि शेजारचा मित्र युनिटी हे इंजिन, म्हणजे गेम बनवायचं तयार साधन, उतरवून बसलेला असतो. यातलं प्रत्येक उत्तर कुणाच्या तरी बाबतीत बरोबर आहे. तुमच्यासाठी कोणतं बरोबर, ते तीन गोष्टींवरून ठरतं: पहिला गेम केवढा, तो कोण कशावर खेळणार, आणि तुमच्याकडे मशीन कोणतं आहे. भाषेचं नाव त्यानंतर. हा क्रम उलटा झाला की सहा महिने व्हिडिओ बघण्यात जातात आणि दाखवायला हातात काहीच नसतं.

पायरी १ : गेम आधी कागदावर

इंदूरमध्ये रोज सकाळी दारात दिसणारी गोष्ट घेऊ, कचऱ्याची गाडी. गेमचं नाव ‘ओला-सुका’. ओला कचरा हिरव्या डब्यात, सुका निळ्या डब्यात. पडद्याच्या वरून एक वस्तू पडते: केळ्याचं साल, चहाचा चोथा, उरलेले पोहे, रद्दी पेपर, दुधाची पिशवी. खेळणारा पडद्याच्या डाव्या किंवा उजव्या अर्ध्या भागावर बोट टेकवतो, वस्तू त्या बाजूला सरकते आणि खालच्या डब्यात जाते. बरोबर गेली तर एक गुण. तीन चुका झाल्या की खेळ संपला.

एवढंच. यात हलणारी वस्तू एक, डबे दोन, लक्षात ठेवायचे आकडे दोन आणि पडदे तीन: सुरुवात, खेळ, शेवट. पहिला गेम याहून मोठा घेऊ नका. रंगपंचमीच्या गेरीवर, म्हणजे रंगाच्या मिरवणुकीवर, गेम करायचा मोह इंदूरकराला होणारच: राजवाड्यासमोरची गर्दी, टँकर, हवेत उडणारा गुलाल. पण त्या गर्दीतला प्रत्येक माणूस ही एक हलणारी वस्तू आहे, आणि शेकडो वस्तू एकाच वेळी हलवणं हे तिसऱ्या-चौथ्या गेमचं काम आहे. ऑनलाइन खेळणारे दोन जण आणि थ्रीडी, हेही सध्या नको.

पायरी २ : मशीन तपासा

विंडोजमध्ये टास्क मॅनेजर उघडून ‘मेमरी’ बघा. ४ जीबी रॅम असेल तर स्क्रॅच, पायथन, जावास्क्रिप्ट आणि गोदो या इंजिनमधलं टूडी काम चालतं. युनिटी ८ जीबीखाली फार रडवतं. अनरियल या इंजिनसाठी १६ जीबी आणि वेगळं ग्राफिक्स कार्ड असलेलं बरं. सिल्व्हर मॉलला किंवा जेल रोडला रॅम वाढवायला निघण्याआधी त्याच टास्क मॅनेजरमध्ये ‘स्लॉट्स युज्ड’ बघून घ्या. काही पातळ लॅपटॉपमध्ये रॅम बोर्डावरच डकवलेली असते, ती वाढत नाही. जुन्या लॅपटॉपमध्ये हार्ड डिस्क असेल तर तिच्या जागी एसएसडी बसवल्याने जेवढा फरक पडतो, तेवढा फक्त रॅमने पडत नाही.

घरात लॅपटॉपच नसेल, नुसता अँड्रॉइड फोन असेल, तरी थांबू नका. पॉकेट कोड हे ठोकळे जोडून गेम करायचं मोफत ॲप आहे. गोदोचा एडिटरही अँड्रॉइडवर चालतो, मात्र सहा इंची पडद्यावर बोटांनी कोड लिहिणं त्रासाचं आहे. ओटीजी केबलने साधा माउस-कीबोर्ड जोडला तर काम निभतं.

पायरी ३ : आता भाषा

दहा-अकरा वर्षांच्या आतल्या मुलांसाठी स्क्रॅच. एमआयटीच्या मीडिया लॅबने २००७ मध्ये लोकांसाठी खुलं केलं, मोफत आहे आणि ब्राउझरमध्ये चालतं. टायपिंग नसल्याने स्पेलिंगच्या चुका नाहीत. मंच, म्हणजे गेमचा पडदा, ४८० बाय ३६० चा, शून्य मधोमध. मर्यादा एक लक्षात ठेवा: एका वेळी ३०० पेक्षा जास्त क्लोन, म्हणजे वस्तूच्या प्रती, होत नाहीत आणि तसं झाल्याची सूचनाही मिळत नाही. गेरीची गर्दी इथे अचानक वाढायची थांबते आणि मूल आपलंच चुकलं असं समजतं.

अकरावी-बारावीला सीबीएसईचं कॉम्प्युटर सायन्स असेल तर पायथन येतच असतं. त्याला पायगेम ही लायब्ररी, म्हणजे तयार कोडचा संच, जोडलं की गेम होतो. पायगेमचा मोठा फायदा असा की गेमचं चक्र तुम्हाला स्वतः लिहावं लागतं: कळ दाबली का बघा, वस्तू हलवा, पडदा पुसा, पुन्हा काढा, आणि हे सेकंदाला ६० वेळा. हे एकदा हाताने लिहिलं की पुढची सगळी इंजिनं समजतात. तोटाही मोठा आहे, तयार गेम मित्राच्या फोनवर देणं कटकटीचं. शिवाय दोन चुका जवळजवळ प्रत्येकाच्या होतात. पायथनची अगदी ताजी आवृत्ती घेतली तर पायगेम बसताना लाल अक्षरांत लांबलचक त्रुटी येऊ शकते, कारण त्या आवृत्तीसाठी तयार फाइल अजून आलेली नसते. एक-दोन आवृत्त्या मागचं पायथन घ्या. दुसरी चूक म्हणजे स्वतःच्या फाइलला ‘पायगेम’ किंवा ‘रँडम’ हेच नाव देणं. मग पायथन खऱ्या लायब्ररीऐवजी तुमचीच फाइल उघडतं आणि ‘असं फंक्शन नाही’ म्हणून अडून बसतं. जाता जाता, पायथन ३ मध्ये व्हेरिएबलला ‘गुण’ असं देवनागरी नाव चालतं. कोडमधले अंक मात्र इंग्रजीच लागतात.

जावास्क्रिप्ट कुणी घ्यावी? ज्याला गेम लिंकने पाठवायचा आहे आणि पुढे वेबसाइटचं कामही करायचं आहे त्याने. फेजर ही त्यातली गेमची लायब्ररी चांगली आहे. इथे नवशिक्याला हटकून लागणारी ठेच अशी: फाइलवर डबल-क्लिक करून गेम उघडला की चित्रं दिसत नाहीत, कारण थेट डिस्कवरून उघडलेल्या पानाला ब्राउझर इतर फाइली वाचू देत नाही. व्हीएस कोड या एडिटरमध्ये ‘लाइव्ह सर्व्हर’ हे एक्स्टेन्शन टाकून त्यातून उघडा.

ल्युआ ही ब्राझीलमध्ये १९९३ साली जन्मलेली छोटीशी, देखणी भाषा. तिच्यावर चालणाऱ्या ‘लव्ह’ या साधनात २०२४ चा गाजलेला बलाट्रो हा गेम बनला. यादीतली पहिली वस्तू ल्युआ १ ने मोजते, बाकीच्या बहुतेक भाषा ० ने. पुढे भाषा बदलाल तेव्हा हे आठवू द्या.

सी-शार्प म्हणजे युनिटी. स्टुडिओत नोकरी हे ध्येय पक्कं असेल तर ही भाषा लागणारच, पण दुसरी म्हणून. युनिटीचं इन्स्टॉलेशन कित्येक जीबींचं आहे, पडद्यावर पहिल्याच दिवशी शंभर बटणं समोर येतात, आणि फाइलचं नाव व क्लासचं नाव एकसारखं नसेल तर स्क्रिप्ट वस्तूला चिकटताना अडू शकते. सप्टेंबर २०२३ मध्ये कंपनीने इन्स्टॉलमागे शुल्क जाहीर केलं होतं. वर्षभराने ते रद्द झालं. तोपर्यंत बरेच छोटे निर्माते दुसरीकडे वळले होते.

सी प्लस प्लस आणि अनरियल. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने २०२० मध्ये आणलेला ‘राजी’ अनरियलवरच बनला आहे, त्यामुळे आकर्षण वाटणं साहजिक. पण तो अनुभवी चमूने कित्येक वर्षं खपून केलेला गेम आहे. क्लासवाले सी सांगतात तेही चूक नाही, मेमरी कशी चालते ते सीमुळेच कळतं. फक्त पहिल्या दोन महिन्यांत सी शिकणाऱ्याच्या पडद्यावर काळ्या खिडकीत आकडे दिसतात, हलणारी वस्तू दिसत नाही. गेमच्या ओढीने आलेलं मूल तिथे टिकत नाही.

आमचं मत स्पष्ट आहे: आठवीच्या पुढच्या, लॅपटॉप हाताशी असलेल्या नवशिक्याने गोदो इंजिन आणि त्याची जीडीस्क्रिप्ट घ्यावी. इंजिन मोफत, २०१४ पासून ओपन सोर्स, गेम विकला तरी त्यांना काही द्यावं लागत नाही. भाषा दिसायला पायथनसारखीच, ओळ आत सरकवून लिहायची, त्यामुळे शाळेतलं पायथन वाया जात नाही. आणि एकच गेम वेब, अँड्रॉइड आणि विंडोज तिन्हीकडे निघतो. एकदा ठरलं की तीन महिने भाषा बदलू नका.

पायरी ४ : गोदो बसवणं आणि ओला-सुका उभा करणं

गोदोच्या साइटवर दोन डाउनलोड दिसतात. ‘डॉट नेट’ नसलेलं साधं घ्या. डॉट नेटवालं सी-शार्पसाठी आहे आणि गोदो ४ मध्ये सी-शार्पचा गेम वेबवर काढता येत नाही. इन्स्टॉल करायचं काही नसतं, झिप उघडून आतली फाइल एका फोल्डरात ठेवा आणि चालवा. झिपच्या आतूनच चालवू नका.

नवीन प्रोजेक्ट करताना रेंडरर, म्हणजे पडद्यावर चित्र काढणारा भाग, ‘कम्पॅटिबिलिटी’ निवडा. जुन्या लॅपटॉपच्या ग्राफिक्सला तोच झेपतो आणि वेबलाही तोच लागतो. प्रोजेक्ट सेटिंग्जमध्ये खिडकीची रुंदी ७२०, उंची १२८०, ओरिएंटेशन पोर्ट्रेट, स्ट्रेच मोड ‘कॅनव्हास आयटम्स’ करा. शून्य वरच्या डाव्या कोपऱ्यात असतं आणि वाय खाली वाढतो. स्क्रॅचमधून आलेल्यांची वस्तू इथे पहिल्या दिवशी वर उडते, ती यामुळे.

‘वस्तू’ नावाचा वेगळा सीन करा: मूळ नोड (सीनचा एक घटक) एरिया-टूडी, त्याच्या आत स्प्राइट-टूडी चित्रासाठी आणि कोलिजन-शेप-टूडी टक्कर ओळखण्यासाठी. कोलिजनच्या नोडमध्ये प्रत्यक्ष आकार, म्हणजे आयत, निवडला नाही तर शेजारी पिवळा त्रिकोण दिसतो आणि वस्तू डब्यातून भुतासारखी आरपार जाते. डबाही तसाच, एरिया-टूडी. हिरवा एक्स १८० वर, निळा ५४० वर, दोन्हींची वरची कड वाय ११५० ला.

आता पडणं. सगळ्यात जास्त गेम इथे बिघडतात, म्हणून सावकाश वाचा. पडदा एकदा नव्याने काढला की एक फ्रेम. नवशिक्या लिहितो, ‘प्रत्येक फ्रेमला वाय ४ ने वाढव’. साध्या पडद्यावर सेकंदाला ६० फ्रेम, म्हणजे २४० पिक्सेल. मित्राच्या १४४ हर्ट्झच्या लॅपटॉपवर तीच वस्तू सेकंदाला ५७६ पिक्सेल धावते, आणि आजोबांच्या जुन्या मशीनवर ३० फ्रेमच निघाल्या तर १२० वर रांगते. एकच गेम, तीन वेग. उपाय डेल्टाचा. मागच्या फ्रेमपासून किती वेळ गेला तो आकडा इंजिन तुम्हाला देतं, ६० फ्रेमला तो साधारण ०.०१६७ सेकंद असतो. म्हणून ‘वाय मध्ये वेग गुणिले डेल्टा मिळव’ असं लिहा, वेग २०० ठेवा. आता कुठल्याही मशीनवर सेकंदाला २०० पिक्सेलच. वस्तू वाय उणे १०० वरून निघाली तर डब्यापर्यंत १२५० पिक्सेल, म्हणजे सव्वासहा सेकंद. लहान भावंडाला विचार करायला एवढा वेळ हवा. दर पाच बरोबर उत्तरांनंतर वेग २० ने वाढवा, ६०० वर थांबवा. तिथे दोन सेकंदच उरतात, आणि खरी मजा तिथे आहे.

टॅपसाठी वेगळं काही नको. माउसच्या क्लिकचा एक्स ३६० पेक्षा कमी असेल तर वस्तूचा एक्स १८०, नाहीतर ५४०. गोदो फोनवरच्या स्पर्शालाच क्लिक समजतं.

डब्याचा ‘एरिया एंटर्ड’ सिग्नल, म्हणजे वस्तू डब्याला लागल्याची इंजिनची सूचना, जोडा आणि वस्तूचा प्रकार तपासा. प्रकार शब्दात ठेवू नका. एका फाइलमध्ये ‘सुका’ आणि दुसरीत ‘सूका’ लिहिलं गेलं की दोन्ही कधीच जुळत नाहीत, त्रुटीही दिसत नाही आणि दोन तास जातात. ‘ओला आहे: हो किंवा नाही’ एवढंच ठेवा.

आणखी एक बारीक दोष. डबे ३०० रुंद ठेवले तर हिरवा ३० ते ३३० आणि निळा ३९० ते ६९० एवढी जागा घेतो. १०० रुंदीची वस्तू कुणी टॅपच न करता मधोमध ३६० वर पडली तर ती ३१० ते ४१० मध्ये असते आणि एकाच वेळी दोन्ही डब्यांना लागते. एक गुणही मिळतो, एक चूकही मोजली जाते. ‘वस्तू पुसून टाक’ अशी आज्ञा दिली तरी गोदो ती फ्रेमच्या शेवटी पुसतं, तोवर दुसरा सिग्नल येऊन गेलेला असतो. म्हणून वस्तूवर ‘मोजलं’ अशी खूण ठेवा, पहिल्या सिग्नलला ती लावा, दुसऱ्याला लावलेली दिसली तर परत फिरा. आणि डबे २४० रुंद करा, म्हणजे मधून पडलेली वस्तू वाय १३५० च्या खाली गेली की सरळ चूक धरता येते. ती तिथे पुसायलाही विसरू नका, नाहीतर न दिसणाऱ्या वस्तू खाली खाली पडतच राहतात.

पायरी ५ : जुन्या व्हिडिओंपासून जपून

गोदो ४.० मार्च २०२३ मध्ये आलं आणि त्याआधीचे हजारो धडे अजून नेटवर आहेत. तुम्ही जशाला तसं टाइप केलं तरी चालत नाही, तेव्हा दोष तुमचा नसतो. ओळखायच्या खुणा: धड्यात ‘कायनेमॅटिक-बॉडी’ दिसलं तर तो जुना, आता ‘कॅरेक्टर-बॉडी’ म्हणतात. ‘ऑनरेडी’ आणि ‘एक्स्पोर्ट’ या शब्दांआधी ॲटचं चिन्ह नसेल तर जुना. ‘यील्ड’ होतं तिथे आता ‘अवेट’, ‘इन्स्टन्स’ होतं तिथे ‘इन्स्टँशिएट’. व्हिडिओ निवडताना आधी आवृत्तीचा आकडा बघा.

पायरी ६ : मराठी अक्षरं नीट दिसायला हवीत

गुण, चूक, पुन्हा खेळा हे शब्द मराठीत लिहा, घरच्यांना गेम आपला वाटतो. पण लॅपटॉपवर छान दिसलेली अक्षरं वेबवर चौकोन होऊन बसतात. कारण गोदोच्या मूळ फॉन्टमध्ये देवनागरी नाही, लॅपटॉपवर तो गुपचूप सिस्टीमचा फॉन्ट उसना घेतो, ब्राउझरमध्ये घेऊ शकत नाही. मुंबईच्या एक टाइपने केलेले मुक्ता किंवा बालू हे फॉन्ट मोफत आहेत. फाइल प्रोजेक्टमध्ये टाका आणि थीममध्ये तोच फॉन्ट लावा. गोदो ४ जोडाक्षरं आणि पहिली वेलांटी बरोबर जोडतं. गोदो ३ मध्ये ‘स्थिती’सारखा शब्द तुटायचा.

चित्रं स्वतः काढा किंवा केनीच्या साइटवरची वापरा, ती कुणालाही मुक्तपणे वापरता येतात. कचऱ्याच्या गाडीचं गाणं मात्र रेकॉर्ड करून गेममध्ये घालू नका, त्यावर दुसऱ्याचा हक्क आहे. स्टीलच्या डब्यावर चमचा वाजवून फोनवर आवाज टिपा, तो जास्त छान बसतो.

पायरी ७ : लोकांच्या हातात

गेम बाहेर काढायला लागणारी एक्स्पोर्ट टेम्प्लेट्स आधी उतरवावी लागतात, फाइल एक जीबीच्या आसपास असते, घरच्या वायफायवर करा. वेबची निर्यात करताना मुख्य फाइलचं नाव ‘इंडेक्स डॉट एचटीएमएल’च हवं. सगळ्या फाइली एका झिपमध्ये घालून इच-डॉट-आयओ या गेमच्या साइटवर मोफत चढवा आणि ‘ब्राउझरमध्ये खेळता येईल’ या खुणेवर टिक करा. गोदो ४.३ किंवा पुढचं वापरा, त्यात थ्रेड्स (समांतर चालणारी कामं) बंद ठेवून काढलेला गेम कुठल्याही साध्या सर्व्हरवर चालतो. पहिल्या स्पर्शाआधी ब्राउझर आवाज वाजू देत नाही, म्हणून ‘सुरू करा’ हे बटण हवंच.

प्ले स्टोअरची घाई नको. तिथे एकदाच २५ डॉलर भरावे लागतात, आणि नव्या वैयक्तिक खात्याला १२ जणांकडून सलग १४ दिवस चाचणी करून घ्यावी लागते. पहिल्या गेमला लिंक पुरते.

रोज एक तास दिला तर ओला-सुका पाच-सहा आठवड्यांत उभा राहतो. तारीख ठरवली तर तो पुराही होतो, म्हणून एखादा खरा दिवस धरा. रामबाग किंवा लोकमान्य नगरच्या मंडळात गणपतीतली एक संध्याकाळ चांगली, लहान मुलं आयतीच जमलेली असतात. फोन मुलाच्या हातात द्या आणि काही सांगू नका. कुठे बोट अडतं, कुठे तो तुमच्याकडे बघतो, ते वहीत लिहा. चार मुलं एकाच जागी अडली तर तिथे गेम बदलायचा. मंडपात नेट डगमगतं, तेव्हा अँड्रॉइडची एपीके, म्हणजे फोनवर बसवायची फाइल, दोन फोनमध्ये आदल्या रात्रीच टाकून, एकदा विमान मोडवर चालवून बघा. त्या निर्यातीला जेडीके १७ आणि अँड्रॉइड एसडीके ही ॲप बनवायची साधनं लागतात, आणि ते जुळवण्यात पहिल्यांदा एक अख्खा रविवार जातो.